भिंतीवर फायरचा सिलिंडर आहे, पण वेळेला चालेल का? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. कुपवाड एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये मी प्रशिक्षणाची तारीख ठरवायला गेलो होतो. ऑफिसात बोलणं चालू असताना मागून आरडाओरडा ऐकू आला. पॅकिंग विभागात पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी होती आणि वरच्या पत्र्यावर वेल्डिंग चाललं होतं. ठिणगी खोक्यांत पडली. धावत गेलो तर विशीतला एक पोरगा सहा किलोचा सिलिंडर छातीशी धरून उभा. दोन्ही हातांनी दांडा जीव खाऊन दाबत होता आणि ओरडत होता, "साहेब, येईनाच की!"

पिन जागेवरच होती. तो विसरला नव्हता, त्याने आधी ओढून पाहिली होती. पण दांडा दाबून धरला की पिन दोन्ही दांड्यांमध्ये आवळली जाते. मग ती कितीही हिसका मारला तरी निघत नाही. "खाली ठेव आधी," म्हटलं. त्याने सिलिंडर फरशीवर टेकवला, दांड्यावरची पकड सुटली आणि पिन दोन बोटांनी पिरगाळून ओढली तशी अलगद बाहेर आली. आग विझली, पण तोवर अर्धी थप्पी गेली होती.

गेली बारा वर्षं मी सांगली, मिरज, कुपवाड भागातल्या कारखान्यांत आणि गोदामांत हेच शिकवतो. भिंतीवर सिलिंडर असतो, त्यावर टॅग असतो, आणि तो हातात घेतलेला माणूस मात्र अख्ख्या कारखान्यात एकही नसतो. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, असं माझं ठाम मत आहे.

पिन आणि दांडा

सिलिंडर उचलायचा तो खालच्या दांड्याला धरून. वरचा दांडा फक्त दाबायचा. घाईत माणूस दोन्ही दांडे एकत्र मुठीत धरून पळतो आणि पिन अडकते. म्हणून आगीजवळ गेल्यावर सिलिंडर जमिनीवर टेकवायचा, एका हाताने मान धरायची, दुसऱ्या हाताने पिन पिरगाळून सील तोडायचं आणि पिन ओढायची. मगच उचलायचा. ही सवय बोलून लागत नाही, हाताला लावावी लागते.

काही ठिकाणी पिन पडू नये म्हणून बाइंडिंग वायरने आवळून बांधलेली मी पाहिली आहे. एका गोदामात ती सोडायला पक्कड लागली. पिनेला फक्त प्लॅस्टिकचं बारीक सील असतं, ते हाताने तुटतं आणि तेवढंच पुरेसं आहे. बाकी काहीही बांधलेलं असेल तर आजच काढा.

ज्वाळेवर मारणं

डोळ्यांना ज्वाळा दिसते, म्हणून हात वर जातो. पावडर ज्वाळेतून उडून जाते आणि खाली जळणारी वस्तू तशीच राहते. नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरा आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवा. सुरुवात दोन-अडीच मीटरवरून करा, आग दबेल तसं पुढे सरका. सांडलेल्या तेलाला किंवा थिनरला आग लागली असेल तर अगदी जवळून जोरात मारू नका, पेटलेला द्रवच उडून पसरतो. मोकळ्यावर असाल तर वारा पाठीशी घ्या.

सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. प्रशिक्षणात मी हे घड्याळ लावून दाखवतो, कारण तो दोन-चार मिनिटं चालेल असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. पहिले पाच-सहा सेकंद ज्वाळेवर गेले तर हातात फारसं काही उरत नाही.

सांगलीत हळदीची पावडर करणारे घटक भरपूर आहेत, म्हणून इथे थोडं थांबतो. दळण विभागात तुळयांवर, मोटारीवर, केबलच्या ट्रेवर बारीक पावडरचा थर साचतो. हवेत उडालेली ती बारीक पूड ठिणगी मिळाली की भडकते आणि बंद जागेत तिचा स्फोट होऊ शकतो. पीठ, साखर, स्टार्च, हळद, मिरची, सगळ्यांना हेच लागू आहे. छोटी आग विझवायला कोणी सिलिंडरचा झोत थेट साचलेल्या पुडीवर मारला, तर तोच झोत पुडीचा ढग उठवतो. अशा ठिकाणी लांबून, हलक्या हाताने मारा आणि माणसं आधी बाहेर काढा. त्याहून मोठं काम आग लागण्याआधीचं आहे. तुळया आणि मशीनच्या पाठी नियमित साफ करा, पण एअरच्या पाइपने फुंकून नव्हे. फुंकल्याने पूड गोळा होत नाही, हवेत जाते.

एकच सिलिंडर सगळीकडे

"एबीसी घेतलाय, सगळ्याला चालतो," हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. एबीसी पावडर लाकूड, कागद, तेल आणि गॅसच्या आगीवर चालते, हे खरं. पण चालते म्हणजे सगळीकडे पुरते असं नाही.

तागाच्या पोत्यांची थप्पी, कापसाच्या गाठी, साखर कारखान्याच्या आवारातला बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) ढीग, या आगी आत शिरतात. पावडरने वरची ज्वाळा विझते, आत धग राहते आणि तासाभराने पुन्हा धूर येतो. तिथे थप्पी मोडून, ढीग उकरून पाणीच मारावं लागतं. सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या सिलिंडरचा, तर अशा ढिगावर उपयोग नसल्यातच जमा, कारण वायू उडून गेला की धग पुन्हा श्वास घेते.

इलेक्ट्रिक पॅनेल, कंप्युटर, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) यांच्याजवळ सीओटूच असावा. पावडरने आग विझते, पण ती बारीक पावडर प्रत्येक कार्डात शिरते आणि ओलावा लागला की धातू खाते. आगीतून वाचलेलं पॅनेल मग पावडरने जातं. आणि दोन्हीच्या आधी मेन स्विच बंद करा. सीओटू वापरताना हात हॉर्नवर, म्हणजे वायू सोडणाऱ्या काळ्या कर्ण्यावर नको, त्याच्या मुठीवर ठेवा. बाहेर येणारा वायू उणे ७८ अंशांच्या आसपास थंड असतो, कातडी चिकटते. छोट्या बंद खोलीत मारला तर लगेच बाहेर या आणि दार लावून घ्या, तिथे श्वासाला हवा उरत नाही.

कँटीनमध्ये कढईतलं तेल पेटलं तर पाणी कधीच नको. गॅस बंद करा, झाकण किंवा ओलं करून घट्ट पिळलेलं जाड कापड हळूच सरकवून झाका आणि कढई हलवू नका. स्वयंपाकाच्या गॅस सिलिंडरच्या नळीतून गळणारा गॅस जळत असेल तर आधी व्हॉल्व्ह बंद करायचा. व्हॉल्व्ह उघडा ठेवून ज्वाळा विझवली तर गॅस खोलीत साठतो, आणि पुढची ठिणगी त्याहून वाईट.

इलेक्ट्रिक स्कूटर हल्ली पार्किंगमध्ये, कधी थेट गोदामात चार्जिंगला लावलेल्या दिसतात. बॅटरी पेटली तर पावडरने ज्वाळा दबल्यासारखी वाटते, पण आतली उष्णता कमी होत नाही आणि ती पुन्हा पेटते. चार्जिंगची जागा पोत्यांपासून आणि बाहेर जायच्या वाटेपासून लांब, उघड्यावर करा.

काटा हिरव्यात आहे ना, मग झालं

गेजचा काटा फक्त आतला दाब सांगतो. पावडर मोकळी आहे की दगड झाली आहे, हे त्याला कळत नाही. महिनोन्महिने एकाच जागी टांगलेल्या सिलिंडरमध्ये पावडर तळाशी बसते. सिलिंडर उलटा करून हातात धरा, पावडर सरकल्याचं हाताला जाणवतं. जाणवलं नाही तर काटा कितीही हिरव्यात असो, तो उघडायला पाठवा. सीओटूच्या सिलिंडरला तर गेजच नसतो. तो वजन करून तपासतात. रिकाम्याचं वजन त्यावर कोरलेलं असतं. भरलेल्या वायूपैकी दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर भरून घ्यायचा.

आपल्याकडे आणखी एक चूक खास आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या दुकानांत, गोदामांत पाणी शिरलं, सिलिंडर दिवसेंदिवस पाण्यात राहिले. लोकांनी ते धुतले, पुसले आणि परत खिळ्याला अडकवले. अशा एका सिलिंडरचं खालचं प्लॅस्टिकचं कडं मी काढलं, तर आत गंजाचे पापुद्रे निघाले. हा दाबाखालचा सिलिंडर आहे. पुरात बुडालेला प्रत्येक सिलिंडर हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीला) पाठवा, नाहीतर भंगारात काढा.

आणि एकदा दांडा दाबला, दोन सेकंदच का होईना, तर तो सिलिंडर वापरलेला समजा. पावडरचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात आणि दाब हळूहळू गळतो. "चालतोय का बघितलं फक्त," म्हणून परत टांगलेला सिलिंडर महिन्याभरात रिकामा होऊ शकतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार मालकाने दर जानेवारीत आणि जुलैत लायसन्सधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र घेऊन सादर करायचं असतं. एजन्सीचा माणूस गेटवर सही करून निघून जात असेल तर त्याला थांबवा. त्याच्यासोबत फिरा, प्रत्येक सिलिंडर खाली उतरवायला लावा. कागद फाइलला लागतो, आग फाइल वाचत नाही.

जागा

हंगामात माल वाढला की पहिला बळी सिलिंडरच्या जागेचा जातो. बेदाण्याच्या बॉक्सची थप्पी त्याच्यापुढे येते. नाहीतर कोणी चोरेल म्हणून तो केबिनमध्ये कुलपात जातो. सिलिंडर दाराजवळ, बाहेर जायच्या वाटेवर, कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीत हवा. ज्याची आग विझवायची त्याच्या डोक्यावर नको, कारण पेटलेल्या पॅनेलवरून हात घालून तो काढता येत नाही. दारापासून आगीकडे जाणारा माणूस विझवताना दार पाठीशी ठेवतो, आणि हेच त्याला वाचवतं. खाली फरशीवर पिवळा चौकोन रंगवा आणि त्यात एकही पोतं ठेवू देऊ नका.

प्रशिक्षण चौघांनाच, तेही एप्रिलमध्ये

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे अनेक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. बहुतेक ठिकाणी वर्षाचं प्रशिक्षण त्याच आठवड्यात उरकतं. सुपरवायझर, स्टोअरचा माणूस, दोन वॉचमन, एक फोटो.

आगीच्या वेळी समोर कोण असतं? कंत्राटावरचा हमाल, रात्रपाळीचा ऑपरेटर, पॅकिंगच्या मावशी. कारखाने कायदा, १९४८ चं कलम ३८ आगीपासून बचावाची व्यवस्था आणि कामगारांना त्याची माहिती, सराव असणं मालकावर बंधनकारक करत होतं; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. कंत्राटी माणूसही कामगारच आहे. त्यातले कित्येक बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे, मिरजेकडे कानडी बोलणारेही बरेच. लेबल इंग्रजीत. म्हणून मी चित्रं लावतो आणि हिंदीतही सांगतो.

गेल्या वर्षी एका बेदाणा पॅकिंग शेडमध्ये बायकांना रांगेत उभं केलं, तर मुकादम म्हणाला, "हे बायकांचं काम न्हाई, साहेब." पन्नाशीच्या एक मावशी पुढे आल्या. सहा किलो पावडरचा भरलेला सिलिंडर दहा किलोच्या आसपास जातो. त्यांनी तो खाली ठेवला, पिन पिरगाळली, पदर खोचला आणि ट्रेमधली आग बुडापासून अशी झाडून काढली की मुकादमाने पुढच्या वेळी स्वतःच सगळ्यांना बोलावलं. ज्यांना सहा किलो जड वाटतो त्यांच्या जागेजवळ चार किलोचा लावा.

सरावाचा खर्च फार नाही. रिफिलिंगला जाणारे सिलिंडर एजन्सीला द्यायच्या आधी सरावात रिकामे करा, तसेही ते ओतूनच टाकायचे असतात. मोकळ्या मैदानात लोखंडी ट्रे, तळाशी पाणी, वर थोडं डिझेल. पेट्रोल नको, त्याची वाफ पेटवणाऱ्याच्या अंगावर येते. जवळ पाण्याच्या बादल्या आणि शिकवायला जाणकार माणूस हवाच.

आणि त्याच सरावात पळायचं कधी, हेही शिकवा. आधी ओरडा, घंटा वाजवा, १०१ किंवा ११२ ला फोन करायला एकाला पाठवा, मगच सिलिंडर. आग तुमच्या उंचीएवढी झाली, धूर छतावरून खाली उतरायला लागला, किंवा एक सिलिंडर संपूनही आग दबली नाही, तर दार लावून बाहेर पडा. कोल्ड स्टोअरेजच्या भिंतींत थर्माकोल किंवा पफ (एक प्रकारचा फोम) असतो. तो पेटला की काही श्वासांत माणूस कोसळेल असा विषारी धूर येतो. तिथे सिलिंडर घेऊन आत जायचं नाही, मालासाठी तर नाहीच.

आग विझली तर लगेच पाठ फिरवू नका. राख हलवून बघा आणि निदान तासभर तिथे एक माणूस बसवा. वापरलेला सिलिंडर परत खिळ्याला लावू नका. आडवा करून ठेवा, त्यावर खडूने ‘रिकामा’ लिहा आणि त्याच दिवशी एजन्सीला कळवा. भरून येईपर्यंत त्या जागी टांगायला त्यांच्याकडून दुसरा मागून घ्या, ते देतात.