पुणे ते मिरज सायकलवर, सेवाकार्याच्या निधीसाठी: पैसे आधी, पायडल नंतर

सायकलची ट्यूब बदलता येते आणि सलग पन्नासेक किलोमीटर चालवून झालंय, एवढं मी गृहीत धरतो. सरावाला केडगाव उत्तम. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला. साधारण ६० किलोमीटर, चढ नावापुरता. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायचं, डबा खायचा, परत फिरायचं. परतीला यवतमध्येच ज्याचा चेहरा उतरतो, त्याने मिरजेला टेम्पोत बसून पाणी आणि हिशेब सांभाळावा. तेही माणूस लागतंच.

जानेवारीतला शुक्रवार धरा. पहाटे निघून रात्री सातारा, शनिवारी मिरज, रविवारी तिथल्या मंडळीबरोबर, म्हणजे चर्चच्या लोकांबरोबर, उपासना. एकूण २३०-२४० किलोमीटर. मिरज अशासाठी की डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून आपल्या लोकांची तिथे जा-ये आहे. आमच्या तरुण संघात निम्म्या पोरांची कोणी ना कोणी आत्या-मावशी मिरजेला नर्सिंग शिकलेली निघाली. मुक्कामाची चिंता तिथेच मिटली.

आता पैसे. यावर जे सल्ले मिळतात ते बहुतेक सायकल चालवणाऱ्यांचे असतात, दारोदार वर्गणी मागून आलेल्यांचे नसतात.

पहिल्या वर्षी आम्ही 'दर किलोमीटरला इतके रुपये' अशी योजना काढली. परदेशात तसं करतात म्हणे. चौदा जणांनी वह्या केल्या, लोकांनी उत्साहाने आकडे सांगितले, आम्ही ते लिहून घेतले आणि निघालो. परत आल्यावर दोन महिने वसुली चालली होती. एका काकांनी फोन काढून दाखवला, "यात २२६ दाखवतंय, तुम्ही २३८ कसे म्हणता?" हायवे सोडून जुन्या घाटाने गेलो, चहाला आत वळलो, हे त्यांना कसं समजावणार? बारा किलोमीटरचे चोवीस रुपये मी सोडून दिले. पण कितीतरी नावांपुढची रक्कम तशीच राहिली, आणि त्या माणसांना दर रविवारी भेटायचं म्हणजे दोन्हीकडे अवघड. तेव्हापासून नियम एकच: रक्कम ठोक, आणि निघण्याआधी हातात. वहीत 'कबूल' असा रकानाच ठेवू नका. नाव, रक्कम, पावती क्रमांक, बस. निघण्याच्या आधीच्या रविवारी वही बंद.

दुसरी चूक जास्त लागली. राहण्याजेवण्याचा खर्च आम्ही जमलेल्या पैशातून केला होता. हिशेबात सगळं लिहिलेलं, लपवलं काहीच नव्हतं. उपासनेनंतर गेटपाशी एका मावशींनी मला बाजूला घेतलं. पर्सचा बंद बोटाला गुंडाळत हळूच म्हणाल्या, "बाळा, तुमची साताऱ्याची मिसळ माझ्या पाचशेतून झाली का रे?" उत्तर 'हो' होतं. म्हणून सांगतो, जो सायकल चालवणार त्याने स्वतःचा खर्च स्वतः भरायचा. टेम्पोचं डिझेलसुद्धा वाटून घ्यायचं. एखाद्या पोराला परवडत नसेल तर बाकीच्यांनी गुपचूप भरावं. दानातला रुपया रस्त्यावर खर्च होता कामा नये.

'सेवाकार्यासाठी मदत करा' म्हणून हात पसरलात तर शंभराची नोट मिळेल. वस्तू सांगा. एका वर्षी आम्ही वाड्यावस्त्यांवर फिरून ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्या सुवार्तिकाच्या मोटरसायकलसाठी मागितलं. सायकली दामटून मोटरसायकल आणायची, यावर मंडळी पोट धरून हसली आणि त्याच रविवारी वही भरत आली. पाळकसाहेबांकडे घोषणेला पाच मिनिटं मागा, तीन वापरा. आणि स्वच्छ सांगा की दशांशातून, म्हणजे कमाईचा जो दहावा भाग चर्चला द्यायचा असतो त्यातून, देऊ नका. दशांश मंडळीचा, तो इकडे वळला तर पुढच्या वर्षी तुम्हाला पुढे बोलायला कोणी बोलावणार नाही.

ऑफिसातल्या, सोसायटीतल्या मित्रांकडे मागताना तर आणखी जपून. पैसे सुवार्तेच्या कामाला जाणार असतील तर तसंच सांगायचं. 'गरीब मुलांसाठी' म्हणून घ्यायचे आणि दुसरीकडे लावायचे, हे मला मान्य नाही. खरं सांगितल्यावर काही जण नाही म्हणतात. म्हणू देत. माझा एक सहकारी म्हणाला, "प्रचाराला नाही देणार, पण वसतिगृहाचं छप्पर असेल तेव्हा सांग." पुढच्या वर्षी छप्पर होतं, त्याने दिले.

पैसे कुठे जमा करायचे? स्वतःच्या खात्यात कधीही नाही. मी केलंय. घरभाडं, विजेचं बिल आणि त्यातच 'सोनू' नावाने आलेले १०१ रुपये. हा सोनू कोण, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. काम ज्या नोंदणीकृत ट्रस्टचं आहे त्यांच्याच खात्याचा क्यूआर कोड छापून घ्या आणि पावती त्यांनाच देऊ द्या. ट्रस्ट नसेल आणि तुम्ही चार मित्रच वर्गणी काढणार असाल, तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते, गणपती मंडळांना लागते तीच. देणगीवर आयकराची सवलत (८०जी म्हणतात ती) हवी असणाऱ्याचा पॅन क्रमांक तेव्हाच लिहून घ्या. २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर ती सवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीत असलेल्याला ती तशीही मिळत नाही, तेव्हा उगाच आमिष दाखवू नका.

अमेरिकेतला मावसभाऊ पाठवतो म्हणाला, की आधी विचारा पासपोर्ट कुठला. भारतीय असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवायला हरकत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी झाली. ती फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, त्यांच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. 'माझ्या खात्यात टाक, मी देतो' हा मधला मार्ग नाही. भाऊ रुसला तरी चालेल.

एवढं झालं की रस्ता सोपा. बोगदा टाळून जुन्या कात्रज घाटाने जा. खंबाटकी ज्याने त्याने आपापल्या दमाने चढावा, वर पोचून थांबावं. खाली कोणाची वाट बघत बसू नये. सगळ्यात पुढे एक आणि सगळ्यात मागे एक अनुभवी गडी, मागच्याने कोणालाही ओलांडून पुढे जायचं नाही. कराडनंतर पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलात की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. हंगामात एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन, ऊस बाहेर लोंबतोय आणि मागे दिवा नाही. अंधार पडायच्या आत मिरज गाठा. नाही जमलं तर सांगलीत थांबा, हट्ट नको.

हिशेब पुढच्याच रविवारी. जमा किती, ट्रस्टला पोचले किती, एवढे दोन आकडे वाचून दाखवा आणि कागद फलकावर लावा.

येताना सायकली टेम्पोत. गिअरची बाजू वर, दोन सायकलींमध्ये जुनी चादर, आणि पायडल आधीच काढून ठेवा. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, जोर लावण्याआधी आठवा.