रायफलच्या काडतुसात पावडर कमी भरताय? या चुका टाळा

लोडिंग मॅन्युअल म्हणजे काडतुसात किती पावडर भरायची ते सांगणारं पुस्तक. त्याच्या तक्त्यात प्रत्येक पावडरपुढे किमान आणि कमाल असे दोन आकडे असतात. वरच्या, म्हणजे कमाल आकड्याला सगळेच घाबरतात. खालचा आकडा मात्र फारसं कुणी मनावर घेत नाही. ‘त्याच्याही खाली गेलो तर दाब आणखी कमी, म्हणजे आपण आणखी सुरक्षित’ असा हिशेब केला जातो. पुण्याहून अमेरिकेला नोकरीसाठी गेलेली आणि तिथे रिलोडिंगचा, म्हणजे झाडलेली काडतुसं पुन्हा भरण्याचा, छंद लागलेली मुलंही हेच बोलतात. रायफलच्या बाबतीत हा हिशेब चुकतो, आणि चुकला तर बोल्टच्या (नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) मागे आपला चेहरा असतो.

इथे राहणाऱ्यांसाठी कायद्याची बाजू आधी सांगतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतुसं तयार करायला वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा परवाना आहे म्हणून घरच्या टेबलावर काडतुसं भरता येत नाहीत. बालेवाडीला एअर रायफल किंवा पॉइंट टू टू चालवणाऱ्यांपुढे तर हा प्रश्नच येत नाही, कारण पॉइंट टू टूचं रिमफायर (तळाच्या कडेतच पेटवणारं मिश्रण असलेलं) काडतूस पुन्हा भरण्याजोगं नसतं. पुढचं सगळं सेंटरफायर रायफलबद्दल आहे, म्हणजे जिच्या काडतुसाच्या तळाच्या मध्यभागी प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) वेगळा बसवलेला असतो तिच्याबद्दल.

सावकाश जळणारी पावडर निम्म्यावर आणणे

ही सगळ्यात घातक चूक. धूरविरहित पावडर फ्रान्सच्या पॉल विएल यांनी १८८४ मध्ये तयार केली, आणि तिचा जळण्याचा वेग दाबावर अवलंबून असतो हेही त्यांनीच मांडलं. दाब वाढला की पावडर वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. उलट्या दिशेनेही तसंच घडतं: दाब पुरेसा चढला नाही तर जळणं रखडतं. मोठ्या पुंगळीसाठी (काडतुसाच्या पितळी आवरणासाठी) बनवलेल्या सावकाश पावडरच्या दाण्यांवर जळणं रोखणारा लेप असतो. पुंगळी जवळजवळ भरलेली असेल तरच ती नीट पेटते.

अशी पावडर निम्मीच भरली तर आडव्या धरलेल्या रायफलमध्ये ती पुंगळीच्या तळाला पसरते आणि वर मोकळी जागा राहते. प्रायमरची ज्योत त्या पसरलेल्या थरावरून जाते. कधी पावडर अर्धवट पेटते, गोळी पुंगळीतून निघून नळीच्या आट्यांपर्यंत (आतल्या पीळदार खाचांपर्यंत) जाते आणि तिथेच अडते. मग मागची उरलेली पावडर जोरात पेट घेते. आता पुढे अडकलेली गोळी हा बूच झालेला असतो, आणि दाब कमाल भाराच्या (एका काडतुसात भरलेल्या कमाल पावडरच्या) दाबापेक्षाही कितीतरी वर जाऊ शकतो. नेमकं काय घडतं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. प्रयोगशाळेत हा प्रकार हवा तेव्हा घडवून आणता येत नाही. पण म्हणूनच ‘मी तर कितीतरी वेळा अशा झाडल्या, काही झालं नाही’ या अनुभवावर विसंबू नका.

हलकी काडतुसं हवीच असतील तर ज्या पावडरसाठी उत्पादकाने स्वतः कमी भार छापलाय तीच घ्या. हॉजडन कंपनी एच ४८९५ या पावडरसाठी रायफलच्या कमाल भाराच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरायला परवानगी देते. ही सवलत त्या एका पावडरची आहे. ‘मग माझ्याकडची का नाही चालणार?’ असं म्हणून ती दुसऱ्या डब्याला लावू नका.

जलद पावडर भरताना दोनदा भरली जाणे

दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या पुंगळीत जलद पावडर अगदी थोडी टाकायची. ती नीट पेटते, पण पुंगळीचा तळसुद्धा धड झाकला जात नाही. फोन वाजला, लक्ष गेलं, आणि त्याच पुंगळीत पुन्हा भार पडला तरी ती वरून रिकामीच दिसते. फुटलेल्या रायफलींपैकी अनेकींच्या मागे ‘रहस्यमय स्फोटा’ऐवजी हाच दुहेरी भार असावा, असं माझं ठाम मत आहे. भरलेलं काडतूस नंतर वजन करून ही चूक पकडता येईल, अशी आशा ठेवू नका. पुंगळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातच इतका फरक असतो की थोडीशी जादा पावडर त्यात लपून जाते. सगळ्या पुंगळ्या लोडिंग ब्लॉकमध्ये (खाचा असलेल्या ठोकळ्यात) उभ्या करा आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत टॉर्च मारून पावडरची पातळी शेजारणीशी ताडून पाहा. भरताना कुणी बोलायला आलं तर हातातली पुंगळी रिकामी करा आणि पहिल्यापासून भरा.

काटा ग्रॅमवर आहे की ग्रेनवर, तेही रोज बघा. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या वाऱ्यानेही काटा हलतो, म्हणून वजन करताना पंखा बंद ठेवा.

बाहेर आलेला प्रायमर बघून भार आणखी कमी करणे

झाडलेल्या पुंगळीचा प्रायमर किंचित मागे सरकलेला दिसला की अनेक जण दचकतात आणि दाब जास्त झाला असं समजून पावडर आणखी कमी करतात. हलक्या भारात याचा अर्थ बहुधा उलटा असतो. पुरेसा दाब असेल तर पुंगळी मागे बोल्टवर रेटली जाते आणि प्रायमर परत जागी बसतो. दाब अपुरा असेल तर तो बाहेरच राहतो. पुंगळीच्या मानेवर काजळी दिसली तर तीही याच दुखण्याची खूण आहे, कारण पितळ फुगून चेंबरला (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागाला) चिकटलेलं नसतं. अशा वेळी मॅन्युअलमधल्या किमान आकड्यावर परत या.

याच पुंगळ्यांबद्दल आणखी एक गोष्ट. रिम (तळाशी बाहेर आलेली कड) नसलेल्या पुंगळीला फायरिंग पिनचा आणि प्रायमरचा धक्का पुढे ढकलतो, आणि कमी दाबात तिचा खांदा (मानेखालचा उतार) हळूहळू मागे दबत जातो. पुढे तिच्यात पूर्ण भार भरला तर ती तळाजवळ फाटू शकते. म्हणून हलक्या भाराच्या पुंगळ्यांना वेगळा डबा ठेवा, वर ठळक लिहा, आणि पूर्ण भारासाठी त्या वापरू नका.

‘फुस्स’ आवाज आल्यावर पुढची गोळी झाडणे

आवाज दबका आला किंवा धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. जॅकेट असलेल्या गोळीला आट्यांत शिरायला शिशाच्या गोळीपेक्षा जास्त जोर लागतो, त्यामुळे हलक्या भारात ती जास्त अडकते. नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, कारण पावडर उशिरानेही पेटू शकते. मग बोल्ट उघडा आणि चेंबरच्या बाजूने नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. दिसत नसेल तर रेंज ऑफिसरला बोलवा आणि रायफल कारागिराकडे द्या. अडकलेली गोळी दुसऱ्या गोळीने बाहेर ढकलायला गेलात, तर नळीला कायमचा फुगवटा येतो, किंवा ती फाटते.

अशी काडतुसं आधीच भरून ठेवली असतील तर ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून ती झाडून संपवू नका. बुलेट पुलरने गोळी काढा आणि पावडर वेगळी करा. ती मूळ डब्यात परत ओतायची नाही, कारण एकदा मिसळली की त्या डब्यात नेमकं काय आहे हे पुन्हा कुणालाच ओळखता येत नाही.