चाळीस जणांचा अंगणातला बार्बेक्यू: या चुका टाळा

घरच्या चौघांसाठी शेगडीवर छान भाजता येतं, म्हणून चाळीस जणांना बोलावलं. सामान दहापट आणलं, पण जाळी तेवढीच राहिली. उन्हाळ्यातले असे बेत फसतात ते बहुतेक वेळा इथेच. पाहुणे रिकाम्या ताटल्या घेऊन उभे, भाजणारा घामाघूम, घाईघाईत जाळी गच्च भरलेली, त्यामुळे खालची धग बसलेली. मग चिकन बाहेरून काळं, आतून कच्चं.

आधी मेनू, मग जाळीचा विचार

हा क्रम उलटा हवा. ५७ सेंटीमीटर व्यासाच्या गोल शेगडीवर मधे बोटभर जागा सोडली तर बर्गरच्या साधारण १२ पॅटी मावतात. पण जाळीचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवावाच लागतो (का, ते पुढे येईल), म्हणजे उरल्या ८. चाळीस जणांना माणशी दीड धरली तर ६० पॅटी, म्हणजे ८ घाणे. भाजायला, काढायला, नवीन लावायला मिळून एका घाण्याला १२ मिनिटं धरा. शेवटच्या माणसाची पॅटी पहिल्याच्या नंतर दीड तासाने येणार.

यावर तीनच उपाय आहेत. दुसरी शेगडी मागून आणायची, जाळीवर एकच मुख्य पदार्थ ठेवून बाकी सगळं आधी स्वयंपाकघरात तयार करायचं, किंवा जास्त वेळ खाणारे पदार्थ ओव्हनमध्ये शिजवून जाळीवर फक्त शेवटचा चटका द्यायचा. तिसऱ्या उपायाला काही जण नाक मुरडतात. मुरडू द्या. हाडासकट चिकनच्या तंगड्यांना मंद आचेवर ३५ ते ४५ मिनिटं लागतात आणि चाळीस जणांसाठी हे पूर्णपणे जाळीवर करणं हा हट्ट आहे. मात्र ओव्हनमध्ये अर्धवट शिजवून, बाहेर ठेवून, दोन तासांनी भाजायला घेणं हा सगळ्यात धोकादायक शॉर्टकट. कोमट, अर्धकच्चं मांस म्हणजे जंतूंना आयतं घर. अर्धं शिजवलं असेल तर ते तडक जाळीवर गेलं पाहिजे. मधे वेळ जाणार असेल तर पूर्ण शिजवा, पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि नंतर आतपर्यंत नीट गरम करा.

अंदाजाने खरेदी

बिनहाडाचं मांस मोठ्या माणसाला कच्चं २०० ते २२५ ग्रॅम, हाडासकट ३५० ते ४०० ग्रॅम, लहान मुलांना त्याच्या निम्मं. भाजताना साधारण पाव हिस्सा वजन उडतं, ते यात धरलेलं आहे. सॅलड किंवा बटाट्याचा पदार्थ असे दोन-तीन प्रकार असतील तर प्रत्येकाचे माणशी १०० ते १२० ग्रॅम पुरतात. मांसाचे चार प्रकार ठेवले तर प्रत्येक जण सगळं थोडंथोडं घेतो आणि एकूण खप वाढतो, म्हणून दोनच ठेवलेले बरे.

कमी पडतो तो बर्फ, आणि तोही नेहमीच. कडक उन्हात पिण्यासाठी आणि बाटल्या गार करण्यासाठी मिळून माणशी पाऊण ते एक किलो धरा. पेयांचा हिशोब पहिल्या तासाला माणशी दोन आणि नंतर तासाला एक. साधं पाणी याच्या वर. बाटल्या नुसत्या बर्फात खोचू नका. बर्फात पाणी ओता, म्हणजे गारवा बाटलीला सगळीकडून लागतो आणि त्या कितीतरी लवकर थंड होतात.

पेयांची आणि कच्च्या मांसाची पेटी एकच असणं ही चूक फार सर्रास होते. पेयांच्या पेटीचं झाकण दर दोन मिनिटांनी उघडतं. त्याच पेटीच्या तळाशी चिकन असेल तर ते तासाभरात गार राहणार नाही, आणि त्याच्या पिशवीतून ठिबकलेलं पाणी सगळ्यांच्या बाटल्यांना लागेल.

निखारे तयार होण्याआधीच सुरुवात

काळा कोळसा आणि पिवळ्या ज्वाळा दिसत असतील तर अजून वेळ आहे. कोळशावर राखाडी थर चढला आणि ज्वाळा बसल्या की मग भाजायला घ्यायचं. चिमणीत (कोळसा पेटवायच्या उभ्या, पत्र्याच्या नळकांड्यात) पेटवला तर १५ ते २० मिनिटं, नुसता ढीग करून पेटवला तर ३० ते ४० मिनिटं लागतात. पेटवण्याचं द्रव एकदा ठिणगी पडल्यावर पुन्हा ओतायचं नाही. ज्वाळा धारेवरून थेट हातातल्या बाटलीपर्यंत येते. पेट्रोल तर कधीच नाही.

मोठी चिमणी भरून ब्रिकेट (कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या) साधारण अडीच किलो होतात आणि त्यांची चांगली धग तासभर टिकते. भाजणं दीड-दोन तास चालणार असेल तर एका शेगडीला ५ ते ६ किलो लागतील. ८ किलो जवळ ठेवा. धग उतरल्यावर वरून थंड कोळसे टाकले की ती आणखी बसते आणि अन्नाला कच्च्या धुराचा कडवट वास लागतो. त्यापेक्षा पहिला कोळसा पसरल्यावर २५-३० मिनिटांनी दुसरी चिमणी बाजूला, न जळणाऱ्या जागेवर पेटवा. म्हणजे गरज पडेल तेव्हा जळते निखारेच हाताशी असतील.

आता त्या मोकळ्या तिसऱ्या हिश्श्याबद्दल. निखारे जाळीखाली सगळीकडे सारखे पसरले की पळायला जागाच उरत नाही. चरबी ठिबकून भडका उडाला की मांस चटकन निखारे नसलेल्या बाजूला सरकवायचं, हा त्यावरचा खरा इलाज. पाणी मारू नका: उकळत्या चरबीत पाणी पडलं की ती उसळते, आणि राख उडून अन्नावर बसते ती वेगळीच. भडका मोठा असेल तर झाकण लावून कोळशाच्या शेगडीची वरखालची सगळी भोकं बंद करा. गॅसची असेल तर बर्नर बंद करा.

बाहेरून करपलं, आतून कच्चं

हाडासकट चिकन सरळ निखाऱ्यांवर ठेवलं की दहा मिनिटांत कातडी तांबूस होऊन जागोजाग काळी पडते. बघणाऱ्याला वाटतं झालं. सांध्याजवळ सुरी घाला, आत मांस गुळगुळीत आणि चकचकीत दिसेल. असे तुकडे निखारे नसलेल्या बाजूला, झाकण लावून शिजवा आणि शेवटची पाच मिनिटं कातडी खाली करून निखाऱ्यांवर घ्या.

रंगावरून अंदाज बांधू नका. हाडाजवळचं मांस शिजूनही गुलाबी राहू शकतं आणि पॅटी आतून तपकिरी दिसूनही कच्ची असू शकते. काट्याचा थर्मामीटर घ्या. चिकन ७४ अंश सेल्सिअस, कोणत्याही खिम्याची पॅटी ७१, मासे ६३, आणि बकरा, डुक्कर किंवा गोमांसाचे अख्खे तुकडे ६३ अंश झाल्यावर तीन मिनिटं निवू द्यायचे. टोक सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता. पॅटीत वरून न खुपसता बाजूने, मध्यापर्यंत. थर्मामीटरवर भरवसा नसेल तर पेलाभर बर्फात थोडं पाणी घालून त्यात बुडवा. शून्याच्या आसपास दाखवला तर ठीक.

करपण्याचं दुसरं कारण म्हणजे गोड सॉस. साखर किंवा मध असलेला सॉस सुरुवातीलाच लावला तर मांस शिजायच्या आत तो जळून कडू होतो. तो शेवटच्या पाच-दहा मिनिटांत, थोडाथोडा दोनदा लावा.

जाळीला चिकटणं

गार जाळी, अस्वच्छ जाळी किंवा घाई, या तिघांपैकी एक कारण असतंच. झाकण लावून जाळी १० ते १५ मिनिटं तापवा, मग खरवडा, आणि तेल जाळीपेक्षा पदार्थाला लावा. तुकडा उचलताना ओढ लागली तर तो अजून सुटायला तयार नाही, मिनिटभर थांबा. तारेचा ब्रश वापरत असाल तर नंतर ओल्या फडक्याने जाळी नक्की पुसा. ब्रशची सुटलेली तार अन्नातून घशात जाऊ शकते. बोळा केलेली अॅल्युमिनियमची फॉइल चिमट्यात धरून घासली तरी काम होतं.

गॅस पूर्ण असूनही आच मंद

अनेकांना ही खोड शेगडीचीच वाटते. पुष्कळदा कारण वेगळंच असतं. बर्नरचे खटके उघडे असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह एकदम उघडला, तर काही शेगड्यांच्या रेग्युलेटरला किंवा जोडणीला गळती झाल्यासारखं वाटतं आणि सुरक्षेसाठी ते गॅसचा प्रवाह अगदी बारीक करतात. मग ज्योत कितीही मोठी करा, शेगडी तापतच नाही. सगळे खटके आणि सिलिंडर बंद करा, रेग्युलेटर काढून मिनिटभर थांबा, पुन्हा जोडा, व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा, आणि त्यानंतरच झाकण उघडं ठेवून बर्नर पेटवा. जोडलेल्या जागी साबणाचं पाणी लावून बघा; बुडबुडे फुगले तर गळती आहे, पेटवायचं नाही. बर्नर विझला तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबल्याशिवाय पुन्हा ठिणगी नको.

भरलेला जादा सिलिंडर जवळ हवाच. पाहुणे जेवत असताना गॅस संपला तर अर्धवट भाजलेल्या मांसाचं काय करायचं, याला चांगलं उत्तर नाही.

कच्च्याचा चिमटा शिजलेल्याला

कच्चं मांस ज्या ताटातून आलं त्याच ताटात भाजलेलं काढणं, ही सगळ्यात सहज होणारी चूक. कारण भाजणाऱ्याच्या हाताशी तेच एक ताट असतं. दोन रंगांचे चिमटे आणि चार स्वच्छ ताटं शेगडीजवळ आधीच मांडून ठेवा. मुरवणीचा मसाला वरून लावायचा असेल तर सुरुवातीलाच वाटीभर वेगळा काढा. कच्चं मांस बुडालेला मसाला खळखळून उकळल्याशिवाय वापरायचा नाही. चिकन नळाखाली धूत बसू नका, शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात आणि जंतू काही धुऊन जात नाहीत. मुरवणीत लिंबू किंवा व्हिनेगर जास्त असेल तर रात्रभर ठेवू नका, कडा पिठूळ होतात. अशा मसाल्यात चिकनला दोन ते चार तास पुष्कळ झाले. गोठवलेलं मांस फ्रीजमध्येच वितळू द्या. साधारण दोन-अडीच किलोच्या गोळ्याला पूर्ण दिवस लागतो, म्हणून सकाळी आठवण येऊन उपयोग नाही.

पाहुण्यांत शाकाहारी कुणी असेल तर त्यांच्यासाठी शेगडी वेगळी. ते जमत नसेल तर स्वच्छ जाळीवर त्यांच्या भाज्या, मक्याची कणसं आणि मशरूम सगळ्यात आधी भाजून झाकून ठेवा. चिकनच्या शेजारी फॉइलवर ठेवलेली ढोबळी मिरची त्यांना चालेल असं गृहीत धरू नका. विचारा. लाकडी काड्यांना टोचून भाजणार असाल तर काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा.

टेबलावर तासन्‌तास पडलेलं अन्न

४ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. बाहेर ठेवलेल्या नाशवंत अन्नाची मुदत दोन तास. हवा ३२ अंशांवर असेल तर एकच तास. उन्हाळ्यात म्हणजे एकच धरा. मेयोनीज घातलेलं बटाट्याचं सॅलड एका मोठ्या भांड्यात मांडण्यापेक्षा चार लहान भांडी करा, एक बर्फाच्या परातीत बाहेर, तीन फ्रीजमध्ये. संपत आलेल्या भांड्यात नवीन ओतू नका, भांडंच बदला. हिरव्या पानांच्या सॅलडला ड्रेसिंग वाढायच्या क्षणी.

भाजलेलं चिकन गरम राहावं म्हणून डब्यात रचून घट्ट झाकलं की वाफेने कातडी लिबलिबीत होते. एका थरात पसरा, वर फॉइल सैल टाका, आणि ६० अंशांच्या वर राहील अशा मंद ओव्हनमध्ये किंवा शेगडीच्या मंद बाजूला ठेवा.

मांडणी

शेगडी भिंतीपासून, कुंपणापासून आणि झाडाच्या फांद्यांपासून निदान ३ मीटर लांब, सपाट जमिनीवर. पाऊस आला म्हणून जळता कोळसा गॅरेजमध्ये किंवा बंद पडवीत न्यायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पावसासाठी आधीच ठरवून ठेवा की कोळसा विझवून उरलेलं ओव्हनमध्ये जाईल. बसायची जागा वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि दुपारी जिथे सावली येते तिथे करा. सकाळी सावली बघून खुर्च्या मांडल्या तर चार वाजता सगळे उन्हात.

वाढायचं टेबल भिंतीला टेकवू नका. दोन्ही बाजूंनी रांग लागली की वेळ निम्मा होतो. ताटल्या सुरुवातीला आणि काटे-चमचे शेवटी, म्हणजे वाढून घेताना एक हात मोकळा राहतो. पेयं दूर, दुसऱ्या टोकाला, नाहीतर पाणी घ्यायला आलेला माणूस जेवणाची रांग अडवतो. टेबलावर एक पंखा सोडला तर माश्या बसत नाहीत. कचऱ्यासाठी दर दहा-बारा माणसांमागे एक मोठी पिशवी, दिसेल अशी.

शेवटचा घाणा उतरला की झाकण आणि भोकं बंद करून निखारे तसेच विझू द्या. राख वरून थंड वाटली तरी पोटात विस्तव दिवसभर जिवंत राहू शकतो. ती ४८ तासांनी, किंवा घाई असेल तर पाण्याने पूर्ण भिजवून आणि ढवळून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढा. ताटल्यांच्या कागदी ढिगात नको.