युगांडात शाळा बांधायला निघालात? या चुका टाळा

पूर्व युगांडातल्या कामुली जिल्ह्यात, जिंजा शहराच्या उत्तरेला, एका शाळेच्या दोन वर्गखोल्यांच्या कामावर मी तीन महिने होतो. तिसऱ्या दिवशी आम्ही सहा स्वयंसेवकांनी मिळून खिडकीच्या खालपर्यंत भिंत उचलली, फोटो काढले आणि अंग आंबलं म्हणून लवकर झोपलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच जाग आली. बाहेर येऊन बघतो तर गवंडी आणि त्याचा मुलगा वरचे चार थर उतरवून, ओळंबा लावून, पुन्हा रचत होते. मला बघून तो ओशाळला. वास्तविक ओशाळायला मी हवं होतं. सांगलीकडच्या साइटवर वीस वर्षं काढलेला माणूस मी.

तिथे गवंड्याला फुंडी म्हणतात. मुंबई ते एंटेबी जाण्यायेण्याच्या तिकिटाच्या पैशांत एक फुंडी आणि दोन हेल्पर काही आठवडे कामाला राहतात. तेव्हा विटा उचलायला जात असाल तर जाऊ नका, पैसे पाठवा. त्या फुंडीला जे जमत नव्हतं ते फार थोडं होतं: नकाशा वाचून सळईचा हिशोब काढणं, सामानाची वही ठेवणं, हार्डवेअरवाल्याने पातळ पत्रा गळ्यात मारला तर भांडणं. माझे उरलेले दहा आठवडे यातच गेले आणि तेच उपयोगी पडले. आपल्याकडच्या मंडळींची आणखी एक खास खोड असते, फुंडीला ‘ए, इकडे ये’ करायची. युगांडात भारतीय माणूस दिसला की लोक त्याला मुयिंडी म्हणतात आणि बहुतेक वेळा दुकानाचा नाहीतर कारखान्याचा मालकच समजतात. 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला, तो इतिहास दोन्ही बाजूंना अजून आठवतो. सकाळी कामावर आल्यावर आधी ‘जेबाले को, स्सेबो’ म्हणा. केलेल्या कामाची दाद देणारा हा तिथला रोजचा नमस्कार आहे. त्यानंतर कामाचं बोला.

सुट्टी बघून तारीख ठरवणं

बहुतेक लोक इथेच फसतात. युगांडाच्या या भागात पाऊस दोनदा येतो, साधारण मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी, दोन्ही नेमक्या त्यांच्या पावसात. कच्च्या विटा भिजून चिखल होतात, मुरमाच्या रस्त्यावर ट्रक रुततो आणि तुमच्या पंधरा दिवसांतले नऊ दिवस पत्ते खेळण्यात जातात. डिसेंबर ते फेब्रुवारी किंवा जून-जुलै बघा. तारीख बदलणं शक्यच नसेल तर भिंतीचं काम सोडा; दारं-खिडक्या, बाकं, वर्गातले काळे फळे अशी छपराखालची कामं मागून घ्या.

पाण्याचा हिशोब न धरणं

सिमेंट किती, वाळू किती हे सगळे विचारतात. पाणी कुणी विचारत नाही. तिथली भट्टीची वीट फार पाणी पिते. कोरडी लावली तर ती सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी ओढून घेते. नंतर सांध्यात खिळा फिरवला की पीठ गळतं. म्हणून वीट भिजवायची, माल कालवायचा आणि भिंतीला निदान सात दिवस पाणी मारायचं. हे सगळं पाणी वीस लिटरच्या पिवळ्या जेरीकॅनमधून येतं, गावातल्या एकाच हातपंपावरून. आमचे जेरीकॅन रांगेत पुढे लागले तेव्हा बायका काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मात्र आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई आलीच नाही, कारण तिला पाणी मिळायला दुपार झाली. शेवटी आम्ही सायकलवरून पाणी आणणाऱ्या दोन पोरांना दूरच्या विहिरीवरून फेऱ्या लावल्या आणि तो खर्च बजेटमध्ये घातला. तो पहिल्या दिवशीच घाला.

सांध्यात पीठ गळायला लागलं असेल तर प्लास्टर करून झाकू नका. दोन-तीन थरांपुरतंच असेल तर ते उतरवा. सगळी भिंतच तशी असेल तर लिंटेल, म्हणजे दार-खिडकीवरची आडवी तुळई, टाकण्याआधी जिल्ह्याच्या इंजिनिअरला बोलवा. ओळंबा बोटभर सुटला असेल तेव्हाही हेच.

छपराला शेवटी उरलेले पैसे

पावसाच्या सुरुवातीच्या वादळात शाळांचे पत्रे उडाल्याच्या बातम्या युगांडात दरवर्षी येतात. पत्र्याचा गेज आकड्याने जितका मोठा, तितका पत्रा पातळ. 30 गेज स्वस्त पडतो, पण 28 घ्या. छपराच्या कैच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाडे, रिंग बीममध्ये (भिंतींच्या माथ्यावर फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यात) सोडलेल्या लोखंडी पट्टीने बांधा, नुसते खिळे मारू नका. विजेचं तर विसरूच नका. जून 2011 मध्ये किर्यान्दोंगो जिल्ह्यातल्या एका शाळेवर वीज पडून 18 मुलं गेली. लायटनिंग अरेस्टर आणि त्याचं अर्थिंग हा ‘जमलं तर बघू’चा खर्च नाही.

इमारत आहे, शिक्षक नाही

गावाचा प्रमुख, म्हणजे एलसी-वन या गावपातळीवरच्या लोकल कौन्सिलचा चेअरमन, हो म्हणाला की लोक पाया खणायला घेतात. जिल्हा शिक्षणाधिकाऱ्याला विचारायचं राहून जातं. सरकारी अनुदानाच्या यादीत शाळा नसेल तर सरकारी शिक्षक मिळत नाही आणि पगार पालकांच्या फीमधून निघतो. जमीन कुणाची, हेही कागदावर घ्या. बऱ्याच शाळा चर्चच्या नाहीतर एखाद्या कुटुंबाच्या जागेवर असतात. खोल्या बांधून झाल्यावर हे लक्षात आलं असेल तर उरलेल्या पैशातून तिसरी खोली काढू नका. शिक्षकाला राहायला घर आणि मुलींसाठी वेगळी, दाराला आतून कडी असलेली संडासं बांधा. लांबचा शिक्षक टिकतो तो घरामुळे.

आरोग्य शिबिर नावाची जत्रा

आमच्या गटात एक नर्स होती. एका रविवारी तिने शंभरावर लोकांचं बीपी तपासलं. एका आजींचं इतकं वाढलेलं निघालं की तिने यंत्र दोनदा बदललं. आमच्याकडे दहा दिवसांच्या गोळ्या होत्या. आजींनी दुभाष्यामार्फत विचारलं, ‘अकराव्या दिवशी?’ नर्स माझ्याकडे बघायला लागली आणि मी बुटांकडे.

तिथे हेल्थ सेंटर टू, थ्री, फोर अशा पायऱ्या आहेत. थ्री म्हणजे ढोबळमानाने आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र. त्याच्या प्रमुखाला इन-चार्ज म्हणतात. शिबिराआधी त्याच्याकडे बसा, कोणती औषधं त्याच्याकडे कायम येतात ते विचारा आणि तेवढ्याच आजारांची तपासणी करा. गावपातळीवर व्हीएचटी (व्हिलेज हेल्थ टीम) असतात, आपल्या आशाताईंसारख्या, पण नियमित पगाराविना. पाच वर्षांखालच्या मुलांचा मलेरिया, न्यूमोनिया आणि जुलाब बघायचं प्रशिक्षण त्यांच्यातल्या अनेकांना दिलेलं असतं. त्यांना बाजूला सारून तपासणी करू नका. शिबिर होऊन गेलं असेल तर नोंदवहीची प्रत इन-चार्जला द्या, त्या आजींसारख्यांच्या नावांवर खूण करून.

बाहेरच्या डॉक्टरने रुग्ण बघायचे तर तिथल्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. घरात पडलेली औषधं गोळा करून नेऊ नका. दान दिलेल्या औषधाला पोचल्यावर निदान वर्षभर मुदत शिल्लक हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

स्वतःच्या तब्येतीची फुशारकी

‘आपल्याला मलेरियाचं काय, लहानपणापासून डास चावतात,’ असं म्हणणारा आमच्यातला एक जण तिसऱ्या आठवड्यात सलाईनवर होता. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीचा असतो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि परत आल्यावर लगेच थांबवू नका. डॉक्सीसायक्लिन चार आठवडे पुढे चालू ठेवावी लागते. आल्यावर ताप आला तर दवाखान्यात पहिला शब्द ‘युगांडा’ आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी. व्हिक्टोरिया तलावात पोहायचा मोह आवरा, पाण्यात बिलहार्झिया नावाच्या रोगाचे कृमी असतात. हा रोग आपल्याकडे जवळपास नाही, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात एकेकाळी सापडला होता तेवढाच, त्यामुळे परतल्यावर पोट दुखलं किंवा शौचातून रक्त गेलं तरी इथल्या डॉक्टरला तो चटकन सुचणार नाही. तुम्हीच सांगा.

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते. त्याचं पिवळं कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका. मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधीच ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन.