एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) चालू असताना अँटिबायोटिकच्या या चुका टाळा

बरीच वर्षं एआरटी सेंटरला नर्स आहे आणि त्याच त्याच चुका बघून जीव मेटाकुटीला आलाय म्हणून लिहितेय.

सगळ्यात वाईट म्हणजे खोकल्यावर मेडिकलमधून आणलेली लेवो, म्हणजे लेवोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक. आमच्याकडे एक दादा होते, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ९० च्या आसपास, म्हणजे फारच कमी, तीन आठवडे खोकला, रात्री घाम. रजा मिळेना म्हणून गल्लीतल्या मेडिकलमधून पाच दिवसांची लेवो घेतली, ताप उतरला, महिन्याने परत खोकला, परत लेवो. शेवटी आले तेव्हा पँट गळायला लागली म्हणून पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलेलं आणि खिशात अर्धी स्ट्रिप. टीबी निघाला. सीबीनॅटमध्ये, म्हणजे टीबीच्या जंतूच्या जनुकांच्या तपासणीत, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला रेझिस्टंट (दाद न देणारा), पुढे एलपीए या दुसऱ्या जनुक तपासणीत लेवोलाही दाद देईना. ते आधीपासूनच होतं की त्या दोन कोर्समुळे झालं हे कोणीच सांगू शकत नाही, पण लेवो टीबीच्या जंतूलाही थोडीफार मारते, म्हणूनच बरं वाटतं आणि तिथेच घात होतो, एकट्या औषधातून वाचलेले जंतूच पुढे वाढतात, आणि रेझिस्टंट टीबीत हीच लेवो आपल्याला लागते. २०१४ पासून ती शेड्यूल एच१ या सरकारी यादीत आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही, तरी मिळते याचा मला मनापासून राग येतो. खोकला, ताप, घाम, वजन कमी होणं, यातलं एकही असेल तर आधी थुंकी मग गोळी. आणि एचआयव्हीत थुंकीत जंतू बरेचदा कमी असतात, साधी स्लाइड (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) निगेटिव्ह आली म्हणून सुटलो समजू नका, सीबीनॅट करायला सांगा.

दुसरी चूक आम्हा स्टाफची. पेशंट तापाने फणफणलेला आला की नव्या पोरांना घाई, सलाइन लावलं की लगेच सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन, तपासणीचं रक्त नंतर. मग कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) 'नो ग्रोथ' आणि जंतू कुठला, कशाने मरतो, काहीच कळत नाही. मी आधी कल्चरच्या दोन बाटल्या भरते, दोन हातांतून, प्रत्येकी ८ ते १० मिली, मग लगेच इंजेक्शन. पेशंट शॉकमध्ये (बीपी एकदम खाली गेलेलं) असेल आणि बाटल्या हाताशी नसतील तर मात्र थांबायचं नाही.

उरलेल्या गोळ्या शेजारच्याला देऊ नका.

रोजची सेप्ट्रान (इतर इन्फेक्शन होऊ नयेत म्हणून दिलेली अँटिबायोटिक गोळी) बरं वाटतंय म्हणून बंद करू नका, सीडी४ सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा ३५० च्या वर आला की डॉक्टर बघतील. ती चालू असताना लघवीला जळजळ झाली तर तीच दुप्पट घेऊ नका, तिला दाद न देणारा जंतू असण्याचीच शक्यता जास्त, लघवीचं कल्चर द्या.

आणि येताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून आणा, अर्ध्या संपलेल्यासुद्धा. मी टेबलावर ओतून एकेक बघते, ओरडत नाही.