घरचा माणूस बॉर्डरवर गेलाय? ठाणे-नवी मुंबईवाल्यांनी कुठं जायचं, काय कागद काढायचे

सुट्टी रद्द झाली की जवान उभ्या उभ्या बॅग भरून निघतो, मे 2025 ला ऑपरेशन सिंदूरच्या वेळी कितीतरी घरांनी हे बघितलं. मागे राहिलेल्या बायकोला, आईवडलांना मग कळत नाही की काही अडलं तर जायचं कोणाकडे. सरकारी मदत आहे, पण ती सगळी कागदावर चालते आणि अर्ध्या कागदांना त्याचीच सही लागते, म्हणून तो निघायच्या आत होईल तेवढं उरकून घ्या.

पहिलं काम पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्न-मुलांची आर्मीच्या रेकॉर्डमधली अधिकृत नोंद. लग्न झालं, मूल झालं, पण युनिटमध्ये त्याची पार्ट टू ऑर्डर निघाली नसेल तर आर्मीच्या लेखी तुम्ही नाहीच. डिपेंडंट कार्ड, कुलाब्याच्या अश्विनी हॉस्पिटलमधले उपचार, पुढचं पेन्शन सगळं त्यावर अडतं. त्याला सरळ विचारायचं, माझं आणि पोरांचं नाव चढलंय का, स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळते का. नॉमिनी पण बघा. भरती होताना माणूस बिनलग्नाचा असतो, ग्रुप इन्शुरन्सला आईचं नाव टाकलेलं असतं आणि वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. सासू-सुनेत हा विषय नाजूक आहे माहितेय, तरी आत्ता बोललेलं बरं.

एका वहीत त्याचा आर्मी नंबर, रँक, युनिट, 56 एपीओ की 99 एपीओ (आर्मीचं पोस्ट ऑफिस), आणि रेकॉर्ड ऑफिस कुठलं ते लिहून ठेवा (मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगाव, महार रेजिमेंटचा असेल तर सागर). फोन बंद पडला तरी एवढ्या पत्त्यावर पत्र पोचतं, ठिकाणाचं नाव लिहायचंच नसतं. आणि हे पान सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका प्लीज, तो कुठं आहे हे स्टेटसला ठेवायची गोष्ट नाही.

आता ऑफिस. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. लोकांना वाटतं हे फक्त माजी सैनिकांचं, तसं नाही, सर्व्हिसमध्ये असलेल्या जवानाच्या घरच्यांचं काम पण तिथंच होतं. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, त्यांनी ठाण्याला जायचं. पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे रायगडात येतात, तुमचं ऑफिस थेट अलिबागला. बेलापूर ते खारघर एक स्टेशन, पण जिल्हा बदलला, त्यामुळे निघायच्या आधी फोन करून विचारा. जाताना युनिटचं सर्व्हिस सर्टिफिकेट, डिपेंडंट कार्ड, आधार, रेशनकार्ड सगळ्याच्या झेरॉक्स न्या.

सगळ्यात कमी माहिती असलेली गोष्ट म्हणजे इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्ट, 1925. समजा तो फॉरवर्डला आहे आणि इकडे भावकीतल्या कोणी जमिनीची केस टाकली, किंवा कल्याणच्या कोर्टातून फ्लॅटच्या वादाची नोटीस आली, तो तारखेला येणार कसा? हा कायदा दिवाणी आणि महसुली दोन्ही केसेसला लागतो. नोटिशीचा फोटो लगेच युनिटला पाठवायचा आणि सीओ साहेबांकडून (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) सर्टिफिकेट मागवायचं की हा जवान युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत ड्युटीवर आहे, केस पुढे ढकला. ते मिळालं की कोर्टाने केस थांबवायची असते. कलेक्टरलाही अर्ज द्या, जवान येऊ शकत नाही असं ते स्वतः कोर्टाला कळवू शकतात. त्याच्या गैरहजेरीत निकाल लागून गेला असेल तर तो रद्द करून मागता येतो. जवान जिथं राहतो किंवा जिथं त्याची मालमत्ता आहे त्या जिल्ह्याच्या कलेक्टरकडे अर्ज चालतो, म्हणजे जमीन साताऱ्यात असेल तर साताऱ्याच्या कलेक्टरकडेही देता येतो. बऱ्याच वकिलांनाही हा कायदा आठवत नाही, तुम्हीच नाव सांगा.

वकील परवडत नसेल तर नाल्साची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) वीर परिवार सहायता योजना आहे, 26 जुलै 2025 ला सुरू झाली, सैनिक बोर्डाच्या ऑफिसांमध्येच (वर सांगितलेलं सैनिक कल्याण कार्यालय त्यातलंच) कायदेशीर मदतीचं क्लिनिक असा तिचा प्लॅन आहे. हेल्पलाइन 15100.

बँकेचं अकाउंट जॉइंट करा, आयदर ऑर सर्व्हायवर (दोघांपैकी कोणीही एकटं पैसे काढू शकतं), नाहीतर पगार दिसतो पण काढता येत नाही. सोसायटी किंवा फ्लॅटच्या कामाला पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी लागली तर त्या ठराविक कामापुरतीच द्या, सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करून, सरसकट जनरल पॉवर कोणालाच नको, सख्ख्या भावाला पण नको. त्याच्या नावावरचा फ्लॅट भाड्याने दिलाय आणि आता तुम्हालाच राहायला हवाय तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 23 जवानांना वापरता येतं, त्यालाही आर्मीचं सर्टिफिकेट जोडावं लागतं.

मुलगा-मुलगी इंजिनिअरिंगला असेल तर सीईटीच्या फॉर्ममध्ये डिफेन्स कोटा टिक करायला विसरू नका, महाराष्ट्राचा रहिवासी आणि सर्व्हिसमध्ये असलेल्या जवानाच्या मुलांची कॅटेगरी वेगळी असते.

नकोच ती वेळ, पण माहिती असू दे. युद्धात वीरमरण आलं तर केंद्राची अनुग्रह रक्कम 45 लाख आणि शेवटच्या पगाराएवढं लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन. या पैशासाठी कोणी फोनवर ओटीपी मागत नाही, मागितला तर तो भामटा, फोन ठेवा. खरी कामं युनिट, रेकॉर्ड ऑफिस आणि सैनिक ऑफिसातून होतात, आणि तिथं कुठलाही अर्ज दिलात तर दुसऱ्या कॉपीवर आवकचा शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.