अडुसष्ट ऐकून मूल ८६ लिहितं तेव्हा: दुसरीच्या गणितात या चुका टाळा

सोलापुरात अडुसष्ट हा शब्द मुलांना नवा नसतो. सिद्धेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांची गोष्ट त्यांनी घरी ऐकलेली असते, गड्ड्याच्या जत्रेत आजोबांच्या खांद्यावर बसून नंदीध्वजही पाहिलेले असतात. पण पाटीवर लिहायला सांगितलं की माझ्या दुसरीच्या वर्गात दरवर्षी चार-पाच जण ८६ लिहितात. मग आपण काट मारतो आणि विचारतो, "लक्ष कुठंय तुझं?" पहिली चूक इथं होते, आणि ती आपल्या हातून होते.

मूल लक्ष देऊनच ऐकत असतं. 'अडुसष्ट' म्हणताना आठ आधी ऐकू येतो, साठ मागून. जसं ऐकलं तसं त्यानं लिहिलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आणि अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत तर हीच संख्या दुसऱ्या क्रमानं बोलतात: तेलुगूत 'अरवै एनिमिदि', कन्नडमध्ये 'अरवत्तेंटु'. दोन्हींत साठ आधी, आठ नंतर. माझ्या वर्गातल्या एकानं ८६ लिहिलं होतं. शेजारच्या मुलीनं तेच तेलुगूत सांगितल्यावर त्यानं क्षणात ६८ लिहिलं. दशक-एकक त्याला कळत होते. अडत होतं ते मराठी नावापाशी.

म्हणून नाव फोडून बोला: "साठ आणि आठ, अडुसष्ट." २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! जुनी नावं काही पुसली नव्हती, नवं वाचन जोडीला दिलं होतं. मला तेव्हाही ते पटलं होतं आणि आजही वर्गात मी दोन्ही वापरते.

'एकोण'वाल्या संख्या याहून कठीण. एकोणचाळीस म्हटलं की चाळीस ऐकू येतात, म्हणून मूल ४१ किंवा ४९ लिहितं. मणीमाळेवर चाळिसाव्या मण्यावर बोट ठेवायला लावा आणि एक मणी मागं आणा. एक उणा चाळीस. पंधरा दिवस रोज दोन-तीन संख्या केल्या तरी पुरे. नव्याण्णव मात्र या साच्यात बसत नाही, ते सरळ सांगून टाका.

आता वजाबाकी. मुलं सगळ्यात जास्त इथं रडतात.

४२ − १७ = ३५. हे उत्तर कुठून आलं? मुलानं सातातून दोन काढले, कारण पहिलीत आपणच बजावलेलं असतं, "लहानातून मोठं जात नाही." ते आपलंच ऐकतंय. हे वाक्य वर्गातून कायमचं काढून टाका. त्याऐवजी काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधा. चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवा आणि सतरा काड्या मागा. सात सुट्या द्यायच्या तर दोनच आहेत. मग मूल स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढतं. आता सुट्या बारा. सात दिल्या, पाच उरल्या. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक दिला, दोन राहिले. पंचवीस. 'उसना घेतला' म्हणण्यापेक्षा 'गठ्ठा सोडला' म्हणा, कारण उसनं घेतलेलं परत करावं लागतं हे मुलांना चांगलं ठाऊक असतं, आणि "बाई, परत कधी द्यायचं?" असं मला खरंच विचारलं गेलंय. आठवडाभर नुसत्या काड्या, नंतर काड्यांशेजारी वही, आणि त्यानंतर एकटी वही. घाई केली की २८ + १५ = ३१३ अशी उत्तरं येतात. तिथंही तेरा सुट्यांतून दहांचा गठ्ठा बांधायचा राहिलेला असतो. तो बांधला की हातचा वेगळा शिकवावा लागत नाही.

शाब्दिक उदाहरणांत 'एकूण आलं की बेरीज, कमी आलं की वजाबाकी' ही युक्ती देऊ नका. हे उदाहरण घालून बघा: "माझ्याकडे १२ चिंचोके आहेत. ते तुझ्यापेक्षा ५ ने कमी आहेत. तुझ्याकडे किती?" युक्ती पाठ असलेलं मूल सात म्हणेल. चिंचोके मांडले की सतरा म्हणेल.

बरोबरच्या चिन्हाचंही तसंच. ८ + ४ = □ + ५ यात बरीच मुलं १२ लिहितात, कारण '=' म्हणजे 'आता उत्तर लिही' असं त्यांना वाटतं. अधूनमधून ७ = ३ + ४ असंही लिहून दाखवा.

उत्तर चुकलं तरच "कसं केलंस?" विचारायचं, असं करू नका. बरोबर आलेल्यालाही विचारा. बोटांवर मोजून आलेलं २५ आणि गठ्ठे मनात धरून आलेलं २५ वहीत सारखंच दिसतं.

आणि पालकांना "घरी मराठीतच बोला" असं सांगू नका. आजी कन्नडमध्ये भाकऱ्या मोजत असेल तर नातवाला शेजारी बसून मोजू दे. मागच्या वर्षी एका मुलीनं वहीत ६८ शेजारी देवनागरीत 'अरवत्तेंटु' लिहून आणलं होतं. ती वही मी फळ्याखाली उघडी ठेवली, आणि दुपारपर्यंत तिच्यात तेलुगूही उतरलं होतं.